चार खाचांची खोली

१

सल्लेबाईचं खरं नाव लोक विसरून गेले होते आणि तिलाही त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. घर विकत घेणाऱ्यांच्या सोबत जायचं, घर बघायचं आणि घ्यावं की नाही ते तोंडावर सांगायचं, हा तिचा धंदा. सांगताना ती भीडभाड ठेवत नसे. कित्येक नवराबायकोंची आवडलेली घरं तिनं दारातच नापास केली होती, आणि त्यातल्या निम्म्यांनी नंतर फोन करून तिचे आभार मानले होते. उरलेल्या निम्म्यांनी तरीही तीच घरं घेतली आणि मग गळक्या भिंतींचे फोटो तिलाच पाठवले.

तिची पद्धत ठरलेली. घरातले सगळे नळ एकदम सोडायचे. जमिनीवर गोटी ठेवून ती कुठे पळते ते बघायचं. कपाटात डोकं घालून वास घ्यायचा. मालक फार बोलायला लागला तर त्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायचं, कारण मालक खोलीत असला की खोली नीट दिसत नाही, असं तिचं म्हणणं. शेजाऱ्यांना घर कसं आहे ते कधी विचारायचं नाही, आधीचे लोक का गेले ते विचारायचं. आणि बाकी सगळं घर मळकं असताना एकाच भिंतीला नवा रंग दिसला, तर आधी त्या भिंतीचं कारण काढायचं आणि मगच पुढचं बोलायचं.

स्वतःसाठी घर घेताना मात्र बाईनं हे सगळं गुंडाळून ठेवलं. तिला घाई होती. तिच्या वडिलांची नजर जात चालली होती, आणि शेवटी शेवटी तर उजेड आणि अंधार एवढाच फरक त्यांना कळत असे. वडील आयुष्यभर गाडी चालवायला शिकवत आले. अर्ध्या गावाला त्यांनी गिअर टाकायला शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या थोरल्या भावाचं म्हणणं होतं की बाबांना आता माझ्याजवळच्या एका चांगल्या संस्थेत ठेवू, तिथे बघायला माणसं असतात. सल्लेबाईनं ते साफ नाकारलं. दादा म्हणाला, ठीक आहे, पण तू कामाला जाणार, ते दिवसभर एकटे, एकदा जरी पडले तरी मी येऊन घेऊन जाईन. ती बरं म्हणाली. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला, मास्तरांना कोणाच्या मदतीशिवाय वावरता येईल असं घर.

ते तिला तिसऱ्या मजल्यावर मिळालं. बाहेरच्या खोलीतून आत सरळसोट पॅसेज. उजव्या हाताला ओळीनं न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि मास्तरांना होईल अशी खोली, आणि अगदी टोकाला समोर तिची स्वतःची. डाव्या हाताला एकसंध भिंत, तिच्यापलीकडे काही नाही, इमारतीची बाहेरची बाजू आणि खाली रस्ता. कुठे वळण नाही, पायरी नाही. आंधळ्या माणसाला याहून सोपं घर सापडणार नाही, असं तिला वाटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. डाव्या भिंतीला तेवढा ताजा रंग होता. तिनं तो पाहिला. नाकाला वासही आला. पण सरळ पॅसेज बघून तिचा जीव भांड्यात पडला होता, म्हणून तिनं त्या भिंतीकडे कानाडोळा केला.

२

मग तिनं घर पाडायला काढलं, म्हणजे तिच्या भाषेत दुरुस्त करायला. उंबरे उखडले. फरशी गुळगुळीत होती ती काढून खरखरीत बसवली. ओट्याचे, टेबलाचे, भिंतींचे कोपरे गोल करून घेतले. न्हाणीघरात धरायला दांडे लावले. मास्तर रोज येऊन खुर्चीत बसत आणि ठोकाठोकी ऐकत म्हणत, एवढ्या खर्चात मला नवीन डोळे आले असते.

सगळ्यात विचार करून केलेलं काम होतं पॅसेजमधलं. कमरेच्या उंचीवर, दोन्ही भिंतींना, तिनं सुताराकडून गोल कडेची लाकडी पट्टी लावून घेतली. जाताना उजवी पट्टी, येताना दुसरी, म्हणजे मास्तरांचा उजवा हात कायम लाकडावर. उजव्या पट्टीला प्रत्येक दाराच्या अलीकडे बोटाला कळतील अशा खाचा. एक खाच आली की न्हाणीघर, दोन आल्या की स्वयंपाकघर, तीन म्हणजे मास्तरांची खोली. डाव्या भिंतीला दारच नाही, म्हणून तिकडची पट्टी कोरी.

शिकवणीचा पहिला दिवस मजेचा गेला. जन्मभर दुसऱ्यांना हाकणारा माणूस आता लेकीच्या हाताखाली आला होता. ती मागून सूचना देत होती आणि मास्तर चिडत होते. सूचना अशी द्यायची असते का, ते म्हणाले, शिकाऊ माणसाला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि आवाज चढवायचा नाही. समोर ट्रक आला तरी चढवायचा नाही. आवाज चढला की त्याचे हातपाय गोंधळतात.

आठवडाभरात त्यांना घर जमलं. ते एकटे उठत, न्हाणीघरात जात, चहा करून घेत. सल्लेबाई कामावरून परत आली की ते कुठे आहेत ते त्यांच्या हाताच्या आवाजावरून कळे. लाकडावरून तळवा घासत जाई, खाचेपाशी जरा थांबे, पुढे सरके. तो आवाज ऐकला की तिला खूप बरं वाटे. दादाला तिनं फोनवर हे सगळं मीठमसाला लावून सांगितलं.

३

मग एका संध्याकाळी चहा पिताना मास्तरांनी सहज विचारलं, "ती चार खाचांची खोली कोणाला दिलीस?"

तिनं विचारलं, कुठली. ते म्हणाले, येताना लागते ती, डाव्या भिंतीला. तुझ्या खोलीतून निघालं की थोड्या अंतरावर.

तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. डाव्या भिंतीला खोली म्हणजे हवेत खोली. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता, ते बशीत चहा ओतत होते आणि त्यांना फक्त उत्तर हवं होतं. तिनं सांगितलं की तिकडे काही नाही. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले की दार उघडं असतं म्हणून विचारलं, तिथून जाताना हाताला वारा लागतो.

ती उठून पॅसेजमध्ये गेली. दिवा लावला. डाव्या पट्टीवरून स्वतःचा तळवा फिरवत चालायला लागली. लाकूड कोरं, कोरं, आणि मग बोटं एकामागून एक चार वेळा खाली गेली.

तिनं वाकून पाहिलं. खाचा खऱ्या होत्या. पण उजवीकडच्या खाचा पटाशीनं कापलेल्या, धारदार कडेच्या, आणि या कापलेल्या नव्हत्या. झिजलेल्या होत्या. पुष्कळ वर्षं कुणीतरी बोट घासून घासून लाकडाला खड्डा पाडावा तशा. आणि पट्टी बसवून महिनासुद्धा पुरता झाला नव्हता.

सुताराला फोन केला तर तो म्हणाला, बाई, माप घेताना चुकून हत्यार लागलं असेल पोराचं, देतो येऊन दुरुस्त करून. तिला हे उत्तर पटलं नाही, पण तिनं ते पटवून घेतलं. दहा घरांत ती स्वतः लोकांना सांगत आली होती की भिंतीतल्या आवाजामागे घूस असते आणि थंड खोलीमागे चुकीची खिडकी. सुतार आला, त्यानं भुसा सरसात कालवून चारही खाचा बुजवल्या, वर रंग मारला आणि चहा पिऊन गेला. जाताना तेवढं बोलला की या जागी लाकूड फार मऊ लागतंय.

४

तिच्या कामाचं असं होतं की काही दिवस ती घरीच बसून लोकांना फोनवर सल्ले देई. अशाच एका दुपारी ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. एका बाईला ती समजावत होती की गच्चीखालचं घर उन्हाळ्यात बघायला जा, हिवाळ्यात सगळीच घरं गुणी दिसतात. बोलता बोलता तिला पॅसेजमधून हाताचा आवाज आला. तळवा लाकडावरून घासत जाणारा. मास्तर उठले वाटतं, तिच्या मनात आलं, आणि ती बोलत राहिली.

हात टोकापर्यंत गेला. परत फिरला. थोडा पुढे आला आणि एका जागी थांबून तिथल्या तिथेच मागे-पुढे व्हायला लागला. वस्तू जागेवर नसली की माणूस टेबल चाचपतो तसा. मग पुन्हा टोकापर्यंत, पुन्हा परत, पुन्हा त्याच जागी.

तिनं फोन ठेवला आणि हाक मारली, "बाबा, काय हवंय?"

"मला कुठे काय हवंय," मास्तर म्हणाले. ते तिच्या मागे, स्वयंपाकघराच्याच खिडकीशी, ऊन खात खुर्चीत बसले होते. जेवण झाल्यापासून ते तिथेच होते. फोनच्या नादात ती विसरून गेली होती.

पॅसेजमधला आवाज थांबला. ती दारापर्यंत गेली आणि पॅसेजमध्ये डोकावली. दोन्ही बाजूंना पट्ट्या, टोकाला तिचं दार, मधे कोणी नाही. तिच्या पाठीमागून मास्तर शांतपणे म्हणाले की तू त्याचं दार बुजवलंस, आता तो बिचारा शोधत बसलाय.

कोण, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तिला ते नको होतं.

ती मास्तरांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, नजर गेली की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच माणसं आणि खोल्या तयार करतो, त्यात वेड काही नाही. तिला हायसं वाटलं. मग वाटेत तिच्या लक्षात आलं की आवाज तर तिनंही ऐकला होता, आणि तिची नजर ठणठणीत होती. पण आवाजाचं काय, पाइपातून पाणी जातं, वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवतं. तिनं मनाशी ठरवलं की सगळा घोळ त्या पट्टीचा आहे. पट्टी नसेल तर खाच नाही, खाच नसेल तर खोली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावलं आणि डावीकडची पट्टी मुळासकट काढून टाकायला लावली.

पट्टी निघत असताना मास्तर आपल्या खोलीच्या दारात उभे होते. ते एरवी लेकीच्या कामात पडत नसत. पण त्या दिवशी ते दोनदा म्हणाले की हे करू नकोस. तिसऱ्यांदा ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "अगं, त्याला दिसत नाही. पट्टी होती म्हणून तो जायचा आणि परत आपल्या जागी यायचा. आता परत कसा जाईल?"

५

पट्टी काढल्यावर चार दिवस काहीही झालं नाही. सल्लेबाईनं स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग सकाळी उठल्यावर भिंती मळलेल्या दिसायला लागल्या. आधी पॅसेजमध्ये, पावसाच्या पाण्याचे डाग दिसतात तसं काहीतरी करडं, फिकट. जवळून पाहिलं तर ते तळव्यांचे ठसे होते. कमरेच्या उंचीवर नव्हते. काही खूप खाली, फरशीजवळ. काही इतके वर की तिला स्टुलावर चढून पुसावे लागले. मग बाहेरच्या खोलीत. मग स्वयंपाकघरात, कपाटाच्या दारांवर, शेगडीच्या काचेवर, टेबलाच्या खालच्या बाजूला. कुणीतरी सगळ्या घरावरून हात फिरवत होतं आणि त्याला कुठेच हवं ते सापडत नव्हतं. ती ओल्या फडक्यानं पुसत राहिली. पुसताना ती स्वतःला ओल, बुरशी, चुना असं काहीबाही सांगत होती. लोकांना हीच कारणं ती किती खात्रीनं सांगत असे, आणि आता एकही कारण तिच्याच गळी उतरत नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती कोणाला सांगायची सोय नव्हती. दादाला सांगितलं तर तो उद्याच गाडी घेऊन आला असता.

मास्तर मात्र बदलले. एका दुपारी ती नेहमीपेक्षा लवकर घरी आली, किल्लीनं दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीतच उभी राहिली. आतून मास्तरांचा आवाज येत होता. गाडीत शेजारच्या सीटवर बसून बोलत तोच आवाज, जराही न चढलेला.

"डावीकडे. थोडं अजून. हां. आता सरळ. घाई नाही करायची. तिथे दार आहे, ते माझं. पुढे चल. थांब."

 मग, "शाबास. आता मागे."

ती आत गेली तेव्हा मास्तर पॅसेजच्या टोकाला, तिच्या खोलीच्या दाराला पाठ लावून, खुर्ची टाकून बसले होते. पॅसेजमध्ये दुसरं कोणी नव्हतं. तिनं विचारलं, कोणाशी बोलत होता. ते म्हणाले, कोणाशी नाही, वाट पाठ करतोय. ते खोटं बोलत होते हे तिला कळलं, कारण मास्तरांना खोटं बोलता येत नसे. आणि ते खूप दमलेले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं, हनुवटीवर दाढीचे खुंट वाढले होते.

त्या दिवसापासून ती खुर्ची तिथून हलली नाही. ती जेवायला बोलावी, तर ते म्हणत, इथेच दे. झोपायला जा म्हटलं तर इथेच डुलकी घेतो म्हणत. हळूहळू भिंतींवरचे ठसे कमी झाले, वरचे-खालचे तर नाहीसेच झाले. उरले ते एका ओळीत, सरळ, शिकलेल्या माणसाचे. ते सगळे तिच्या दाराकडे जात होते आणि खुर्चीपाशी संपत होते.

तिनं ते पाहिलं, आणि तिला एवढंच दिसलं की आपला बाप दिवसरात्र खुर्चीत बसून भिंतीशी बोलतोय आणि झिजत चाललाय.

६

दादा आला तो न कळवता. शेजारच्या कुणीतरी त्याला फोन केला असावा. मास्तर उठले, पट्टीला हात न लावता बाहेरच्या खोलीत आले, थोरल्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या गाडीच्या क्लचची चौकशी केली. दादा बघतच राहिला. चहा झाला. मास्तरांनी स्वतः कप नेऊन ठेवले. सल्लेबाईला वाटलं, जिंकलो.

मग दादा म्हणाला, बाबा, चार दिवस माझ्याकडे या की, जागापालट होईल. मास्तर नाही म्हणाले. दादानं हट्ट केला. तेव्हा मास्तर त्याच्याकडे सरकून, लेकीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण आंधळ्या माणसाला बेत कुठला जमायला, म्हणाले, "मला इथे काम आहे रे. तो आता घर शिकलाय. त्याची खोली गेली, आता त्याला हिची हवी आहे. मी थांब म्हटलं की थांबतो. मी गेलो तर कोण म्हणणार?"

 दादानं बहिणीकडे पाहिलं. ओरडला असता तर तिनं भांडण केलं असतं. पण त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि ते पाहून तिचा सगळा धीर सुटला. एवढं घर फोडलं, कोपरे गोल केले, खाचा पाडल्या, आणि आपण बापाला कुठल्या अवस्थेला आणून ठेवलं, असं तिला वाटलं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. तिनं मान हलवली आणि आत जाऊन मास्तरांचे कपडे बॅगेत भरायला लागली.

मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते फक्त दाराची चौकट धरून उभे राहिले आणि दोघांना मिळून त्यांची बोटं सोडवावी लागली. खाली गाडीत त्यांना मागे बसवलं. मागच्या सीटवर ते जन्मात बसले नव्हते. काचेतून ते म्हणाले, आज या घरात राहू नकोस, मैत्रिणीकडे जा. ती हो हो म्हणाली. तिनं त्यांच्या केसांवरून हात फिरवला, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभी राहिली आणि मग तिथेच तोंडाला ओढणी लावून रडली.

७

वर आली तेव्हा दुपार टळली नव्हती. खिडक्यांतून स्वच्छ ऊन येत होतं. तिनं खुर्ची पॅसेजमधून उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. मग आपल्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि पलंगावर आडवी झाली. रडून डोकं दुखत होतं. तिला झोप लागली असावी, कारण फोन वाजला तेव्हा ती दचकून उठली.

दादाच्या फोनवरून मास्तर बोलत होते. ते अजून वाटेतच होते, मागे गाड्यांचे आवाज येत होते.

"कुठे आहेस?"

ती घरी म्हणाली.  मग त्यांनी विचारलं, खुर्ची कुठे आहे. तिनं सांगितलं. ते म्हणाले, गप्प बस जरा, ऐक.

ती ऐकायला लागली. बाहेरच्या खोलीतून पॅसेजमध्ये कोणीतरी येत होतं. चाचपत नव्हतं. भिंतीवरून हात फक्त टेकवत, रोजच्या वाटेनं घरचं माणूस येतं तसं. न्हाणीघर गेलं. स्वयंपाकघर गेलं. मास्तरांच्या दाराशी हात थांबला, बराच वेळ थांबला, आत कोणी आहे का याचा अंदाज घेतल्यासारखा. मग पुढे निघाला.

तिच्या दाराला कडी नव्हती. बाबा आत अडकू नयेत म्हणून घरातल्या सगळ्या आतल्या कड्या तिनंच काढून टाकल्या होत्या. खिडकीला गज, आणि मजला तिसरा. बाहेर जायची वाट एकच, पॅसेजची.

तिनं काहीतरी सांगितलं, काय ते तिला नंतर आठवलं नसतं. मास्तरांना सगळं समजलं. ते म्हणाले, फोनचा आवाज मोठा कर आणि दाराकडे धर.

दार हळूच आत आलं, वीतभर. कडेवर चार बोटं दिसली. उन्हातच होती, म्हणून नीट दिसली. लांब होती, करडी, आणि टोकाला झिजून सपाट झालेली, नख असतं तिथे नुसतीच गुळगुळीत. ती बोटं दाराची कड मोजत होती.

"थांब," मास्तर म्हणाले.

बोटं थांबली.

 फोनमधून मास्तरांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, थांबला का. ती हं म्हणाली. ते म्हणाले, तो थांबलाय तोवर निघायचं. दार पुरतं उघडायचं, भिंतीला पाठ लावायची आणि त्याच्या अंगावरून सरकत बाहेर पडायचं. त्याच्याकडे बघायचं नाही. तिनं दाराला हात घातला. दार तिच्याकडे आलं तशी ती बोटं कडेवरून सुटली आणि हवेत तशीच राहिली, तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. त्यामागे पॅसेजच्या उजेडात जे उभं होतं त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही. तिच्या अंगावर वारा मात्र आला. उघड्या दारातून यावा तसा, आणि त्याला लाकडाच्या भुशाचा वास होता.

पलीकडे दादा घाबरून काहीतरी विचारत होता. त्याला गप्प करत मास्तरांनी आवाज खाली आणला. तो अजिबात चढलेला नव्हता. इतक्या वर्षांत, इतक्या शिकाऊ माणसांना, त्यांनी तो जसा वापरला होता तसाच तो होता, सगळ्यांसाठी एकच.

आता बाबा जे बोलतील ते त्यालाही ऐकू जाणार, हे तिच्या लक्षात आलं. फोन बंद करायला अंगठा वळलाही. पण त्याआधीच मास्तर बोलून गेले होते.

"घाबरायचं नाही. मी आहे. चल, ये पुढे."

आणि त्या आवाजाच्या शब्दाबाहेर न जाणारी ती दोघंही निघाली.